नऊ सेकंदांसाठी बिघडवलेला टी-वन

एमआरआयचं तंत्र शिकताना मशीनच्या कन्सोलवर बसायला लागून तीन-चार महिने झाले की हात शिवशिवायला लागतात. कॉइल (सिग्नल पकडणारा अँटेना) लावणं, लोकलायझर (जागा ठरवायचं पहिलं झटपट चित्र), प्लॅनिंग सगळं अंगवळणी पडलेलं असतं. बाहेर बावीस पेशंटची यादी आणि समोर पॅरामीटरचं पान उघडं. यातला एखादा आकडा हलवला तर दोन मिनिटं सुटतील, असं वाटायला लागतं. इंटर्नशिपमध्ये माझंही तेच झालं. टीआर (एकाच स्लाइसच्या दोन पल्समधला वेळ), टीई (पल्सपासून एकोपर्यंतचा वेळ), एफओव्ही (चित्रात येणारा भाग) तुम्हाला कॉलेजात शिकवलंय, ते मी परत उगाळत नाही. ज्या खड्ड्यात मी पडलो तो मात्र नीट दाखवतो.

आमचं मशीन दीड टेस्लाचं. कमरेच्या मणक्याचा सॅजिटल (बाजूने उभे काप) टी-वन, म्हणजे चरबी पांढरी आणि पाणी काळं दाखवणारं चित्र, टर्बो स्पिन एको पद्धतीने असा लावलेला होता: १५ स्लाइस (काप), टीआर ५५० मिलिसेकंद, टर्बो फॅक्टर (एका पल्समागे किती एको) ३, फेज लाइन (चित्राच्या ओळी) ३२०, ॲव्हरेज (तेच किती वेळा मोजायचं) २. स्कॅनचा वेळ म्हणजे टीआर गुणिले फेज लाइन गुणिले ॲव्हरेज, भागिले टर्बो फॅक्टर. आले १ मिनिट ५७ सेकंद. एके दिवशी पाठीचा कणा चांगलाच वाकलेल्या एक आजी आल्या. १५ स्लाइसमध्ये कणा मावेना, म्हणून मी १९ केल्या. कन्सोलने लगेच खिडकी उघडली: एवढ्या स्लाइस या टीआरमध्ये बसत नाहीत, टीआर ७०० करू की कंकॅटिनेशन २ करू? कंकॅटिनेशन २ म्हणजे स्लाइस दोन खेपांत घ्यायच्या, वेळ जवळपास ४ मिनिटं. टीआर ७०० म्हणजे अडीच मिनिटं. मी टीआरवर क्लिक केलं. इथपर्यंत खरं तर फार बिघडलं नव्हतं.

मग मला हुशारी सुचली. टर्बो फॅक्टर ३ चा ५ केला तर वेळ आणखी कमी होईल! केला. पुन्हा खिडकी आली, मी न वाचता ‘ओके’ म्हटलं. वेळ २ मिनिटं २० सेकंद. आजींचं स्कॅन संपल्यावर कन्सोलने विचारलं, बदल सेव्ह करू का? मी तेही ‘हो’ म्हटलं. मूळ प्रोटोकॉलवरच, म्हणजे सगळ्या पेशंटसाठी साठवलेल्या आकड्यांवरच.

त्या दुसऱ्या खिडकीत काय झालं होतं? एका टीआरमध्ये सगळ्या स्लाइसना आळीपाळीने पाळी मिळते. टर्बो फॅक्टर ३ असताना एका स्लाइसला सुमारे ३७ मिलिसेकंद लागत होते. १५ स्लाइसचे झाले ५५५, म्हणून ५५० च्या आसपास काम भागत होतं. फॅक्टर ५ केला की एको जास्त, म्हणजे प्रत्येक स्लाइसला सुमारे ५७ मिलिसेकंद. १९ स्लाइसना ते पुरवायला मशीनने टीआर गुपचूप १०९० वर नेला. मशीनची चूक नाही. त्याला फक्त स्लाइस बसवायच्या होत्या. टी-वन टी-वन राहिला पाहिजे, ही काळजी त्याने नाही, आपण करायची असते.

आता १०९० ने काय बिघडतं ते कागदावर करून बघा, मी नंतर रात्री बसून केलं. प्रत्येक पेशीला पल्सनंतर सावरायला लागणारा वेळ म्हणजे तिचा टी-वन. चरबीचा टी-वन २८० मिलिसेकंद आणि स्नायूसारख्या, किंवा मणक्यात घुसलेल्या गाठीसारख्या पेशींचा ९०० धरा. टीआर ५५० ला चरबी तिच्या पूर्ण सिग्नलच्या ८६ टक्क्यांपर्यंत सावरते आणि गाठ ४६ टक्क्यांपर्यंत. म्हणजे गाठ चरबीच्या जेमतेम निम्मी उजळ, काळी उठून दिसते. टीआर १०९० ला चरबी ९८, गाठ ७०. आता गाठ चरबीच्या ७२ टक्के. मणक्याच्या हाडातल्या चरबीयुक्त मज्जेसाठी टी-वन काढतो तो कशासाठी? पांढऱ्या चरबीत काळा डाग शोधण्यासाठी. तोच डाग मी राखाडी करून ठेवला होता. सीएसएफ, म्हणजे मज्जारज्जूभोवतीचं पाणी, तेही १३ टक्क्यांवरून २४ वर, म्हणून तेही काळंभोर न दिसता मळकट दिसत होतं. आणि टर्बो फॅक्टर वाढवल्याने टी-टू (पाणी उजळ दाखवणारा कॉन्ट्रास्ट) थोडा मिसळला तो वेगळाच.

हे सगळं किती सेकंदांसाठी? ७०० आणि फॅक्टर ३ ला २ मिनिटं २९ सेकंद लागले असते. माझ्या हुशारीने लागले २:२०. नऊ सेकंद.

तीन आठवडे हाच प्रोटोकॉल चालला. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण चित्र स्वच्छ होतं. टीआर वाढला की सिग्नल वाढतो, नॉइज कमी दिसतो, उलट छानच वाटतं. मग एके दुपारी रिपोर्टिंगच्या खोलीतून आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमचा फोन आला. “अरे, हा टी-वन आहे की प्रोटॉन डेन्सिटी? सीएसएफ असं का दिसतंय?” मी म्हटलं, बघतो मॅडम. पॅक्सवर (जिथे सगळी चित्रं साठतात) त्या इमेजचं डायकॉम हेडर, म्हणजे चित्रासोबत नोंदलेले आकडे, उघडलं. टीआर १०९०. पोटात जो गोळा आला तो आजही आठवतो. मागे मागे जात तारखा तपासल्या, तर सुरुवात त्या आजींपासून. मॅडमनी त्या तीन आठवड्यांचे सगळे कमरेचे मणके पुन्हा बघितले. नशिबाने स्टर (STIR, चरबी दाबून गाठ उजळ दाखवणारा सिक्वेन्स) प्रत्येकात होता, त्यामुळे काही सुटलं नव्हतं. कॅन्सरची हिस्ट्री असलेल्या एका बाईंना मात्र टी-वनसाठी परत बोलवावं लागलं. त्या रिक्षाने आल्या, मुलगा कामावरून सुट्टी घेऊन आला. मी त्यांना पाणी दिलं, पण खरं कारण सांगायला माझी जीभ उचलली नाही. मॅडमनी सांगितलं.

तुमच्याकडून असं झालं तर जग बुडत नाही, एवढं मी सांगू शकतो. मॅडम ओरडल्या नाहीत. पण लपवलंत तर मात्र दुसरा चान्स मिळत नाही, आणि मिळूही नये.

त्या दिवसापासून मी एक दोनशे पानी वही ठेवली. पॅरामीटर एका वेळी एकच बदलायचा, आणि बदलण्याआधी टीआर, टीई, टर्बो फॅक्टर, बँडविड्थ, वेळ हे पाच आकडे लिहायचे, नंतर परत पाचही. ज्याला आपण हात लावलाच नाही तो आकडा हलला असेल तर थांबायचं. नवा प्रोटोकॉल वेगळ्या नावाने, तारीख घालून सेव्ह करायचा. मूळ कधीच नाही. पाण्याच्या बाटलीवर किंवा फँटमवर (चाचणीसाठीच्या नकली वस्तूवर) नॉइज कळतो, कॉन्ट्रास्ट कळत नाही. तो बघायचा तर माणूस हवा, त्याची संमती हवी आणि रेडिओलॉजिस्टची परवानगीही. यादीतल्या पेशंटवर प्रयोग नाही. नावांचीही गंमत आहे: सीमेन्सवर कंकॅटिनेशन, फिलिप्सवर पॅकेज, जीईवर ॲक्विझिशन. मशीन बदललं की खिडकी वेगळी दिसते, सापळा तोच.

शिकवणाऱ्यांबद्दल थोडं. “हात लावू नकोस” म्हणणाऱ्या सीनियरचा मला फार राग यायचा. आता वाटतं, “काहीही करून बघ रे, मी आहे” म्हणणारा जास्त धोकादायक, कारण तो चहाला गेलेला असतो. इन्स्टॉलेशनला कंपनीचा ॲप्लिकेशनवाला (मशीन वापरायला शिकवणारा) येतो ते तीन-चार दिवस त्याच्या शेजारची खुर्ची सोडू नका, आणि प्रत्येक आकड्याला ‘का’ विचारा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या दुसऱ्या हॉस्पिटलच्या प्रोटोकॉलच्या पीडीएफ मात्र मी उघडतही नाही. त्यांची कॉइल वेगळी, ग्रेडियंट वेगळे, बघणारे डॉक्टर वेगळे.

बाकीचं गणित सोपं आहे. स्लाइस ४ मिलिमीटरची ३ केली की सिग्नल पाव भागाने गेला. तो ॲव्हरेजने भरून काढायचा तर वेळ जवळपास १.८ पट. कमी ओळी मोजून वेळ वाचवणारा १९९९ चा सेन्स असो की २००२ चा ग्राप्पा, फॅक्टर २ ला वेळ निम्मा होतो, पण सिग्नल-नॉइजला किमान वर्गमूळ दोनचा फटका, वर जी-फॅक्टर (कॉइलच्या रचनेमुळे वाढणारा नॉइज) वेगळा. आता डीप लर्निंगचं रिकन्स्ट्रक्शन आलंय, ते नॉइज छान पुसतं. चुकलेला टीआर ते दुरुस्त करत नाही.

आणि पोटाचे सिक्वेन्स १८ सेकंदांच्या ब्रेथ-होल्डवर (श्वास सोडून रोखून धरायचा) लावून ठेवता ना? मशीनमधला इंग्रजी आवाज ऐकून आमच्याकडची निम्मी माणसं श्वास सोडायच्या ऐवजी भरून घेतात. मी आता टेबलवर घेण्याआधीच बाहेरच्या बाकावर बसवून मराठीत सांगतो, घ्या, सोडा, थांबा, आणि घड्याळ बघतो. बारा सेकंदांत तोंड उघडलं, तर स्लाइस दोन श्वासांत वाटून घेतो.