चॅप्टरला फ्लो नाहीये? उलटी रूपरेषा काढून बघा

थीसिसचा चॅप्टर लिहून होतो, गाईड म्हणतात फ्लो नाहीये, आणि नेमकं कुठे बिघडलंय ते आपल्याला काही केल्या दिसत नाही. अशा वेळी उलटी रूपरेषा काढा, म्हणजे लिहून झालेल्या मजकुरावरून मागाहून काढलेली रूपरेषा.

१. प्रिंट काढा आणि प्रत्येक परिच्छेद काय सांगतो ते शेजारी समासात एका वाक्यात लिहा, स्वतःच्या शब्दांत.
२. मग फक्त ती वाक्यं सलग वाचा.

एका परिच्छेदाला दोन वाक्यं लागली तर तो तोडा, दोन परिच्छेदांचं वाक्य सारखंच आलं तर ते एकत्र करा, आणि जिथे वाक्यच सुचत नाही तिथे बहुतेक वेळा नुसता दुसऱ्यांच्या पेपरांचा सारांश असतो (लिटरेचर रिव्ह्यूमध्ये, म्हणजे आधीच्या संशोधनाच्या आढाव्यात, तर हमखास), तिथे तुमचं म्हणणं घाला.

फक्त हे ड्राफ्ट पूर्ण झाल्यावरच करा, लिहिता लिहिता केलंत तर लिखाण तिथेच अडकतं.