मुंबईत राहून गावाकडच्या मुरमाड रानात साहेलची ‘झाई’ पद्धत कशी करावी

माण, खटाव किंवा जत तालुक्यातून मुंबईला येऊन स्थिरावलेल्या अनेक कुटुंबांचा गावी एखादा असा तुकडा असतोच, जिथे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते आणि उन्हात वर कडक पापडी धरते. पश्चिम आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात अशी जमीन सर्रास आढळते. बुर्किना फासोच्या उत्तरेकडील यातेंगा प्रांतात 1980 च्या सुमारास याकुबा सावादोगो या शेतकऱ्याने जुनीच ‘झाई’, म्हणजे खड्ड्यांची पद्धत, सुधारून टणक पडीक जमिनीत पुन्हा ज्वारी-बाजरी उभी केली. 2018 मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. या पद्धतीची बरीचशी कामे उन्हाळ्यातली असल्याने मे महिन्याच्या सुट्टीत गावी जाणाऱ्यांना ती जमण्याजोगी आहे.

साहेलमध्ये पाऊस कमी म्हणून पीक कमी, हे अर्धेच खरे आहे. तेथील जमिनीत नत्र आणि स्फुरद इतके अपुरे असतात की, वर्षाला साधारण 300 मिलिमीटरहून अधिक पाऊस होणाऱ्या भागातही ओल शिल्लक राहते आणि पीक मात्र उपाशी राहते. म्हणून नुसता खड्डा खणून बाजरी टोकल्यास फारसे हाती लागत नाही. पाणी आणि खत एकाच जागी मिळाले पाहिजे. आपल्याकडे शेततळ्यांविषयी जितके बोलले जाते, तितके जमिनीच्या कसाविषयी बोलले जात नाही, हे खटकते.

प्रथम जमीन निवडावी. हलकी, मुरमाड, पापडी धरणारी जमीन योग्य. काळ्या भारी रानात खड्ड्यांत पाणी तुंबेल. आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीपर्यंतची माती एकत्र करून त्यातील अर्धा किलो तपासणीस द्यावी. सेंद्रिय कर्ब 0.5 टक्क्यांहून कमी निघाल्यास खताची सोय आधी करावी, खणणे नंतर.

उतार असेल तर दगडांच्या ओळी घालाव्यात, नाहीतर पहिल्या जोरदार सरीतच खड्डे गाळाने भरतात. यातेंगात या ओळी समपातळीत आखण्यासाठी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरली गेली. आपल्याकडचे गवंडी पातळी काढायला वापरतात तीच ही नळी असून, 10 ते 15 मीटरची नळी मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर सहज मिळते. नळीची दोन टोके सारख्या खुणा केलेल्या दोन काठ्यांना बांधावीत, आतले बुडबुडे पूर्ण घालवावेत, एकाने जागेवर उभे राहावे आणि दुसऱ्याने दोन्हीकडचे पाणी एकाच खुणेवर येईपर्यंत उतारावर खाली-वर सरकावे. तेथे खुंटी ठोकावी. खुंट्यांच्या रेषेवर उथळ चर काढून वीतभर उंच दगड रचावेत. आपल्या ताली, म्हणजे बांध, पाणी अडवून धरतात, तशी ही ओळ धरत नाही. पाणी फटींतून संथपणे जाते आणि गाळ मागे राहतो.

खड्डे 20 ते 30 सेंटिमीटर रुंद व 15 ते 20 सेंटिमीटर खोल घ्यावेत, निघालेली माती उताराच्या खालच्या बाजूला अर्धचंद्राकार लावावी आणि दोन खड्ड्यांत सुमारे एक मीटर अंतर ठेवावे, म्हणजे गुंठ्यात 100 खड्डे बसतात. साहेलमध्ये एका हेक्टरला 300 तासांहून अधिक राबावे लागते. म्हणून पहिल्या वर्षी दोन-तीन गुंठेच करावेत. प्रत्येक खड्ड्यात 300 ते 600 ग्रॅम शेणखत घालावे. तेथील शेतकऱ्यांना वाळवी हवीच असते, कारण ती खतासाठी येते आणि तिच्या बिळांतून पाणी मुरते. आपण मात्र पूर्ण कुजलेलेच खत घालावे, कारण कच्च्या शेणासोबत हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, हीही येते.

चांगली ओल झाल्यावर खड्ड्यात बाजरीचे आठ-दहा दाणे टोकावेत आणि दोन-तीन आठवड्यांनी विरळणी करून तीन रोपे राखावीत. रासायनिक खत फेकू नये. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेने नायजरमध्ये रुजवलेल्या सूक्ष्ममात्रेत, म्हणजे टोकणीच्या प्रत्येक जागी थोडेसेच खत देण्याच्या पद्धतीत, सोड्याच्या बाटलीच्या बुचाने सुमारे 6 ग्रॅम संयुक्त खत किंवा तीन बोटांच्या चिमटीने सुमारे 2 ग्रॅम डीएपी (नत्र-स्फुरदाचे दाणेदार खत) देतात; या हिशेबाने गुंठ्याला 200 ग्रॅम डीएपी पुरते. ते बियाण्याला चिकटू देऊ नये. मात्र एवढ्यावर वर्षानुवर्षे भागत नाही: दाणे घरात, सरमाड गोठ्यात आणि रानात काहीच परत नाही, असे चालले तर जमीन आणखी निकस होते. साहेलमध्ये कापणीनंतर फुलानी गुराख्यांचे कळप शेतात बसवतात. आपल्याकडे धनगराची मेंढरे बसवण्याची रीत आहेच, त्या तुकड्यावर ती आवर्जून बसवावीत.

पुढच्या वर्षी तेच खड्डे साफ करून वापरावेत किंवा मधल्या जागेत नवे घ्यावेत. शेजारचा एक गुंठा नेहमीप्रमाणे पाभरीने पेरून ठेवावा, दोन्हींची कणसे वेगळ्या पोत्यांत भरायला गावातल्या माणसाला सांगून ठेवावे आणि दिवाळीला गेल्यावर मळणी करून दोन्हींचे धान्य वेगवेगळे तोलावे.