मुलींच्या क्लब बास्केटबॉलमध्ये खेळाडू हेरताय? या चुका टाळा

पूर्ण सामना 40 मिनिटांचा. कोर्टवर दोन्ही संघांच्या मिळून 10 मुली आणि चेंडू एकच. तो सगळ्यांच्या वाट्याला सारखा आला असं धरलं, तरी एका मुलीच्या हातात जेमतेम 4 मिनिटं राहतो. उरलेली 36 मिनिटं ती चेंडूशिवाय खेळत असते, आणि खेळाडू हेरायला आलेले बरेच जण नेमकी तीच 36 मिनिटं पाहत नाहीत. बाकीच्या बहुतेक चुका या एका चुकीतून निघतात.

नजर चेंडूमागे धावते

प्रेक्षक म्हणून बसलात तर चेंडू बघा, हेरायला बसलात तर मुलगी बघा. एक मुलगी निवडा आणि सलग चार-पाच चढायांमध्ये चेंडू कुठेही असो, नजर तिच्यावरच ठेवा. पास दिल्यावर ती जागीच थांबते की लगेच रिकाम्या जागेत शिरते? शॉट सुटला की मान वर करून रिंगकडे बघत राहते, की आधी आपल्या प्रतिस्पर्धी मुलीला पाठीवर रोखून मग रिबाउंडला, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू पकडायला, जाते? चेंडू हातचा गेल्यावर तिची पहिली तीन पावलं कुठल्या दिशेला पडतात? मैत्रिणीला चकवून कुणी आत घुसली तर ही मदतीला सरकते का, आणि सरकताना तोंडाने हाक देते का?

हाक देण्याला मी फार मोल देतो. डिफेन्समध्ये बोलणारी मुलगी खेळ आधी वाचते, म्हणून बोलते. स्कोअरशीटवर त्यासाठी रकाना नसतो.

गुणांच्या आकड्यावर भुलणं

लहान वयोगटात 20 गुण करणारी मुलगी दिसली की वहीत तिच्या नावाभोवती गोल पडतो. ते गुण आले कसे, हे आधी बघा. 12-13 वर्षांच्या गटात चेंडू नीट हाताळणाऱ्या मुली थोड्या असतात. संघाने पूर्ण कोर्ट प्रेस लावला, म्हणजे कोर्टभर समोरच्यांना दाबून धरलं, की त्यांचे पास चुकतात आणि वेगवान मुलीला एकामागून एक मोकळे ले-अप (बास्केटजवळ धावत जाऊन टाकलेले सोपे शॉट) मिळतात. यात वेग दिसतो, आणि वेग चांगलाच. पण समोर पाच जणी डिफेन्स लावून उभ्या असताना ती काय करते, याचं उत्तर त्या 20 गुणांत नसतं. म्हणून अशा चढाया वेगळ्या मोजा.

शॉटचंही तसंच. एका सामन्यात पाचपैकी तीन बसले की पाचपैकी एक, यावरून काहीच ठरत नाही. पाय, कोपर, मनगट यांची हालचाल पहिल्या आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये सारखी राहते का, ते बघा. ताकद कमी असलेल्या मुली तीन गुणांच्या 6.75 मीटरच्या रेषेवरून चेंडू छातीपासून ढकलतात. ती सवय खुणेनं लिहा, पण त्यावरून निकाल देऊ नका, कारण ताकद पुढे येते. फ्री थ्रो मात्र बारकाईने बघा. तिथे अंगावर कुणी नसतं, त्यामुळे तंत्र स्वच्छ दिसतं.

आजची उंची ही उद्याची समजणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. मुलींची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ सरासरी 12 वर्षांच्या आसपास येतो, मुलांपेक्षा सुमारे दोन वर्षं आधी. पण सरासरीच्या दोन्ही बाजूंना मुली असतातच. कुणाची वाढ 11व्या वर्षीच जोर धरते, कुणाची 14व्या वर्षी. शिवाय वयोगट जन्मवर्षावर ठरत असेल, तर जानेवारीत जन्मलेली आणि डिसेंबरात जन्मलेली एकाच गटात खेळतात. त्या वयात एक वर्ष म्हणजे फार मोठं अंतर.

म्हणून 13व्या वर्षी सगळ्यांत उंच दिसणारी मुलगी कदाचित तिच्या अंतिम उंचीच्या जवळ पोहोचलेलीही असेल. तिला बास्केटखाली उभं करून फक्त रिबाउंड घ्यायला सांगितलेलं असतं. चार वर्षांनी बाकीच्या तिच्या उंचीला येतात, आणि तोवर ड्रिबल, पास, बाहेरून शॉट यांतलं काहीच तिला शिकवलेलं नसतं. तिच्याकडे बघताना विचारा: उंची वजा केली तर हातात काय उरतं? उलट, जिचा शॉट आज सहज अडवला जातो अशी लहानखुरी मुलगी दोन पास आधी मोकळी मैत्रीण ओळखत असेल, तर तिचं नाव खोडू नका. 1.75 मीटर उंचीच्या अमेरिकेच्या स्यू बर्डने पॉइंट गार्ड (चेंडू पुढे आणून खेळ मांडणारी खेळाडू) म्हणून 5 ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली.

झपाट्याने वाढणारी मुलगी काही महिने अडखळते. हातपाय लांबलेले असतात, तोल नवा असतो, काल जमलेलं आज जमत नाही. ती बिघडली असं लिहिण्याआधी प्रशिक्षकांना विचारा की गेल्या वर्षी ती कशी खेळत होती.

वहीत शरीरावर शेरे नकोत. ‘जाड’, ‘अंगाने थोराड’ असले शब्द कधी ना कधी मुलीपर्यंत पोहोचतात आणि ती खेळ सोडते. उडी मारून उतरताना गुडघे आत वळत असतील तर ते जरूर लिहा, पण तिला बाद करण्यासाठी नव्हे. गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटची दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते, आणि उतरण्याच्या सरावाने तो धोका कमी करता येतो. ही नोंद तिच्या प्रशिक्षकांच्या हाती द्या.

पालकांवरून मुलीला जोखणं

स्टँडमधून ओरडणारे वडील मुलीच्या हातात नसतात. तिला बघा: चूक झाल्यावर पुढची चढाई कशी खेळते, बेंचवर बसल्यावर सामना बघते की जमिनीकडे. आणि अबोल मुलीला निरुत्साही ठरवू नका.

सामन्यातल्या अडचणी

एकतर्फी सामना लागला? पहिला क्वार्टर नीट बघा आणि नंतर हरणाऱ्या संघाच्या गार्डवर लक्ष ठेवा. 30 गुणांनी मागे असतानाही जी मागे धावत डिफेन्सला येते, ती पुन्हा बघण्यासारखी.

हवी ती मुलगी तीनच मिनिटं खेळली? वॉर्म-अप हातचा घालवू नका, निदान 20 मिनिटं आधी पोहोचा. मग प्रशिक्षकांच्या परवानगीने एखादा सराव बघा. स्पर्धेत एका दिवसात दोन-तीन सामने होतात. शेवटच्यात जड झालेल्या पायांवरून मत बनवू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा या. जर्सीचे नंबर यादीशी पडताळून घ्या, ते बदललेले असतात.

मुलीला थेट गाठणं

सामना संपल्यावर मुलीला बाजूला बोलावून ‘तुला घेतो’ म्हणणं कटाक्षाने टाळा. ती अल्पवयीन आहे. आधी प्रशिक्षक, मग पालक, आणि बोलणं त्यांच्यासमोरच. व्हिडिओ काढायचा तर आधी परवानगी घ्या.

वहीत विशेषणं भरणं

‘हुशार’, ‘चपळ’, ‘आत्मविश्वास कमी’ हे महिन्याभराने वाचलं तर काही आठवत नाही, आणि दोन स्काउटांची मतं जुळली नाहीत तर वाद मिटतही नाही. जे घडलं ते लिहा: ‘तिसरा क्वार्टर, दोघींनी घेरलेल्या ट्रॅपमधून डाव्या हाताने बाहेर, कोपऱ्यात पास. पुढच्याच चढाईत तोच पास चुकला, धावत परतून ले-अप अडवला.’ खाली त्या दिवशीचा तिचा कितवा सामना होता तेही लिहा, आणि तिला पुन्हा कधी बघणार ती तारीख.