स्थलांतरित फुटबॉलपटूची कारकीर्द कशी नोंदवावी : कुबालाचे उदाहरण

स्थलांतरित खेळाडूची कारकीर्द लिहिताना क्लब, राष्ट्रीय संघ आणि नागरिकत्व यांचे तीन स्वतंत्र रकाने आखावेत, कारण या तिन्हींच्या तारखा क्वचितच जुळतात. १९२७ मध्ये बुडापेस्टमध्ये जन्मलेला कुबाला हंगेरीत लास्लो, स्लोव्हाकियात लादिस्लाव आणि स्पेनमध्ये लाडिस्लाओ होता. म्हणून जुनी वृत्तपत्रे चाळताना तिन्ही रूपे शोधावीत, अन्यथा एकाच माणसाचे तीन खेळाडू होतात.

राष्ट्रीय सामन्यांची बेरीज मात्र कधीही एकत्र करू नये. चेकोस्लोव्हाकियासाठी ६, हंगेरीसाठी ३ आणि स्पेनसाठी १९ सामने असे वेगवेगळेच लिहावे.

सर्वाधिक काळजी रिकाम्या काळाची घ्यावी. १९४९ च्या जानेवारीत तो हंगेरीतून निसटला, त्याच्यावर फिफाची बंदी आली आणि निर्वासित खेळाडूंच्या ‘हंगारिया’ या संघातून तो मैत्रीपूर्ण सामने खेळत राहिला. १९५० मध्ये बार्सिलोनाने त्याला करारबद्ध केले, तरी लीगमधील पदार्पण १९५१ उजाडल्यावरच झाले. ही फट नुसती कोरी सोडली, तर वाचकाला ती दुखापत वाटेल. १९५२ मध्ये स्पोर्टिंग गिखोनविरुद्ध एकाच लीग सामन्यात केलेले ७ गोल त्यानंतरच नोंदवावेत. तो आकडा मोहक असला तरी सुरुवात त्याने करू नये.