उमेदवाराची जीभ घसरल्याची क्लिप आली, आता काय करायचं?
नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सभा झाली की रात्रीपर्यंत ग्रुपवर दहा सेकंदांची क्लिप येतेच, साहेब समोरच्याच पक्षाचं चिन्ह बोलून गेले वगैरे. आधी पूर्ण भाषण यूट्यूबवर नाहीतर फेसबुक लाइव्हला शोधा आणि त्या वाक्याच्या मागचं-पुढचं ऐका, कारण बऱ्याचदा लगेच पुढे त्यांनी सॉरी म्हणून दुरुस्ती केलेली असते आणि कापणाऱ्याने नेमकं तेवढंच उडवलेलं असतं.

नाव, आकडा, चिन्ह चुकलं तर हसा आणि सोडा. दिवसभर सभा, वर मे महिन्याचं ऊन, पंचवटीत उभं राहून तोंडात सिडको येणारच की.

पण जात-धर्मावरून मतं मागितली किंवा धमकी दिली तर ते जीभ घसरणं नाहीच, पक्षवाले काहीही सांगोत (‘विपर्यास केला’ हे तर ठरलेलंच). लोकसभा-विधानसभेला अशा तक्रारींसाठी निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल ॲप आहे, 100 मिनिटांत निपटारा करायचं टार्गेट असतं, पण त्यात आलेला फॉरवर्ड चढवता येत नाही, जागेवर ॲपमधूनच शूट करावं लागतं. जुन्या क्लिपसाठी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, तारीख आणि ठिकाण टाकून.