जुनं दुखणं: नसांचा भोंगा हळूहळू खाली कसा आणायचा

आमच्या आईने पंचवीस वर्षं विड्या वळल्या, मांडीवर सूप, मान खाली, एक पाय दुमडलेला, त्यात कंबर धरली ती धरलीच. एमआरआय काढला, मणक्यांमधली गादी सरकली म्हणाले, तेव्हापासून वाकायची भीती, घागर बंद, गड्ड्याच्या जत्रेला जाणं बंद, आणि दुखणं मात्र वाढतच गेलं. पुढे तर साडी कंबरेला नुसती घासली तरी कळवळायची. आता साडीने काय इजा होणार? तिथून मी वाचायला लागले.

कळलं ते असं. नसा फक्त निरोप पाठवतात, धोका किती हे मेंदू ठरवतो, आणि दुखण्याचा भोंगा तिथून वाजतो. निरोप महिनोन्‌महिने येत राहिले की मज्जारज्जूतल्या पेशी तापट होतात, मग साध्या स्पर्शालाही तेवढाच मोठा भोंगा, इजा भरून आली तरी. इजेनंतर मज्जारज्जूतल्या पेशी अशा तापट होतात हे संशोधक क्लिफर्ड वूल्फ यांनी 1983 मध्ये उंदरांवर दाखवून दिलं. मेंदूकडून खाली दुखणं दाबणारी यंत्रणा पण असते, पण झोप नाही, टेन्शन आहे, भीती आहे, तर ती कमी पडते. म्हणजे दुखणं शंभर टक्के खरं, कुणी नाटक म्हणालं तर ऐकू नका. आणि गादीचं म्हणाल तर काहीच न दुखणाऱ्या पन्नाशीच्या लोकांच्या स्कॅनमध्येही सुमारे 80 टक्के जणांच्या गाद्या झिजलेल्या दिसतात.

आधी एक बघा. लघवी-संडासवरचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद जायला लागली, ताप किंवा वजन कमी होत असेल तर पुढचं काही करत बसू नका, लगेच दवाखाना.

ते नसेल आणि तीन महिन्यांच्या वर झाले असतील तर चालण्यापासून सुरू करा. तीन दिवस घड्याळ लावून बघा कितव्या मिनिटाला दुखणं चढतं. आईचं दहाव्याला चढायचं, म्हणून आम्ही आठ धरले, सोलापूरच्या सिद्धेश्वर तळ्याच्या कडेने सकाळी ऊन व्हायच्या आत. रोज आठच. बरं वाटलं तरी आठ, थोडं दुखलं तरी आठ, आणि इथेच सगळे चुकतात बघा, आईने एकदा बरं वाटलं म्हणून संक्रांतीच्या आधी सगळं घर धुऊन काढलं आणि चार दिवस अंथरुणात. आठवड्याला एखादं मिनिट वाढवा, बास.

वाकायचं पण असंच, आधी खुर्चीवरची वस्तू, मग स्टुलावरची, मग जमिनीवरची, श्वास न रोखता. घरात "हाड झिजलं, आता संपलं" असलं बोलणं बंद करा, मेंदू ते पण धोका म्हणूनच धरतो. झोपेची वेळ पाळा, उन्हाळ्यात गच्चीवर झोपा पण झोपा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने रोज पेनकिलर नको, पोट आणि किडनी बिघडू शकते. डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी लिहिली तर वेड्याची गोळी म्हणून टाकू नका, त्यातल्या काही गोळ्या ती दाबणारी यंत्रणाच वाढवतात.

दुखणं मधेच उसळणार. तेव्हा अर्ध्यावर या, शून्यावर नको. मागच्या आठवड्यात आईचं उसळलं, तळ्यावर गेली नाही, दारातच चपला घालून मोजून सहा मिनिटं फिरली.