गोठ्यातल्या शेणापासून स्वच्छ इंधन: गोबर गॅस तयार करण्याची आणि शुद्ध करण्याची रीत

बेळगाव जिल्ह्यात खानापूरच्या जंगलपट्ट्यापासून निपाणी-चिकोडीच्या ऊसपट्ट्यापर्यंत, ज्या घरी चार-पाच जनावरे बांधलेली आहेत त्या घराला स्वयंपाकापुरता गॅस परड्यातच मिळू शकतो. संयंत्र बांधून देणारे गवंडी या भागात मिळतात, परंतु गॅस तयार झाल्यावर तो स्वच्छ कसा करावा याविषयी फारसे कोणी सांगत नाही, आणि पुढे शेगडी गंजते किंवा इंजिन बिघडते तेव्हा दोष संयंत्राला दिला जातो. गोबर गॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो, ३० ते ४० टक्के कार्बन डायऑक्साईड असतो, आणि त्यांच्या जोडीला पाण्याची वाफ व थोडासा हायड्रोजन सल्फाईड असतो. जळतो तो मुख्यतः मिथेन. बाकीच्यांपैकी काय आणि किती काढायचे, हे गॅस कशासाठी वापरायचा यावरून ठरवावे. शेगडीसाठी पाणी आणि शक्य तितका हायड्रोजन सल्फाईड काढला की पुरते, इंजिनासाठी हायड्रोजन सल्फाईड काढणे अनिवार्य आहे, आणि कार्बन डायऑक्साईड काढण्याची खरी गरज गॅस दाबाखाली भरून गाडीत वापरायचा असेल तेव्हाच पडते. केवळ भाकरी-आमटीसाठी गॅस हवा असणाऱ्या कुटुंबाने या शेवटच्या खर्चात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

संयंत्राचा आकार रोज हमखास मिळणाऱ्या शेणावरून ठरवावा. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो, म्हणून रोज २ घनमीटर गॅस हवा असेल तर ५० किलो शेण लागते. त्यात तितकेच पाणी मिसळून रोज १०० लिटर काला (शेण-पाण्याचे पातळ मिश्रण) आत सोडायचा आणि तो सुमारे ४० दिवस आत राहू द्यायचा, म्हणजे काल्यासाठी ४ घनमीटर जागा धरावी लागते. शेणातले गवताचे लांब तुकडे, दगड आणि माती काला कालवतानाच काढून टाकावी, कारण गवत वर तरंगून साय धरते आणि माती तळाशी बसून दरवर्षी थोडी थोडी जागा खाते. उसाचे पाचट व चिपाड आत टाकण्याचा मोह टाळावा. त्यातला लाकडासारखा कठीण भाग शेण कुजवून गॅस तयार करणारे जिवाणू पचवू शकत नाहीत.

आत काम करणाऱ्या जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपासची ऊब मानवते, आणि डिसेंबर-जानेवारीत बेळगाव परिसरात रात्री गारठा वाढला की गॅस कमी होतो. त्या दिवसांत काला कोमट पाण्याने कालवून दुपारच्या उन्हात आत सोडावा. कणकुंबीकडच्या अतिपावसाच्या पट्ट्यात अडचण वेगळी असते. तिथे पावसाचे पाणी इनलेट टाकीत (काला आत सोडण्याच्या टाकीत) शिरून काला पातळ होतो आणि अर्धवट कुजलेले शेण आउटलेटवाटे (कुजलेला काला बाहेर येण्याच्या टाकीवाटे) बाहेर पडते, म्हणून दोन्ही टाक्यांवर झाकण आणि भोवती चर असणे आवश्यक आहे.

जिल्ह्यात वीसहून अधिक साखर कारखाने असल्यामुळे हंगामात प्रेसमड, म्हणजे उसाचा रस स्वच्छ करताना गाळून निघणारा चोथा, सहज मिळतो. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या ३ ते ४ टक्के इतका तो निघतो आणि गॅसही चांगला देतो. परंतु जे कारखाने गंधकाचा धूर देऊन रस स्वच्छ करतात, त्यांच्या प्रेसमडमध्ये गंधक जास्त येते आणि आत त्याचाच हायड्रोजन सल्फाईड होतो. म्हणून प्रेसमड घालायचा असेल तर ताजा घ्यावा, सुरुवातीला काल्याच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक घालू नये, आणि प्रमाण काही आठवड्यांत हळूहळू वाढवावे. एकदम भरपूर घातल्यास आत आम्ल साठते. पीएच कागदावर (आम्लता दाखवणाऱ्या रंगाच्या कागदावर) ६.५ च्या खालचा रंग आला तर नवा माल थांबवून केवळ पाणी आणि थोडे शेण देत राहावे. गॅस किती घाण होणार हे बरेचसे इथेच ठरते, त्यामुळे शुद्धीकरणाची पहिली पायरी इनलेट टाकीपाशीच आहे असे समजावे.

नवे संयंत्र सुरू करताना शेजारच्या चालू संयंत्रातला काला विरजण म्हणून घालावा. पहिला गॅस बहुधा पेटत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साईड जास्त असतो आणि आतली हवाही मिसळलेली असते. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन मिसळला की ते मिश्रण स्फोटक होते, म्हणून हा पहिला गॅस एक-दोन वेळा मोकळ्यावर सोडून द्यावा आणि ज्योतीची परीक्षा डोमजवळ (गॅस साठणाऱ्या घुमटाजवळ) किंवा नळीच्या तोंडाशी कधीही न करता शेगडीवरच करावी. सांधे गळतात का हे साबणाच्या फेसाने पाहावे.

संयंत्रातून बाहेर पडणारा गॅस वाफेने भरलेला असतो आणि नळीत थंड झाल्यावर तिचे पाणी होते. शेगडीची ज्योत भुरभुरू लागली की नळीत पाणी साचले असे बहुतेक वेळा समजावे. नळी सतत एका बाजूला उतरती ठेवून सर्वांत खालच्या जागी पाणी काढण्याचा कॉक बसवला की हा त्रास जातो.

खरे लक्ष द्यायला हवे ते हायड्रोजन सल्फाईडकडे. कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हा वायू पितळ व तांबे खातो, इंजिनाच्या तेलात आम्ल तयार करतो, आणि जळाल्यावर स्वयंपाकघरात गंधकाचा धूर सोडतो. त्यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे गंज. लोखंडाच्या गंजावरून गॅस गेला की त्यातले गंधक लोखंडाशी जोडले जाऊन काळा पदार्थ तयार होतो आणि गॅस स्वच्छ होऊन पुढे जातो. बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर निघणारा लोखंडी कीस यासाठी उत्तम आहे. कुरळ्या वेटोळ्यांचा कीस निवडावा, कारण बारीक भुकटी दबून बसते आणि गॅसला वाट देत नाही. किसाला कापणीचे तेल लागलेले असते आणि तेल असेपर्यंत गंज धरत नाही. म्हणून तो गरम पाणी व धुण्याच्या सोड्याने पाण्यावर तवंग येईनासा होईपर्यंत धुवावा, मग मिठाचे पाणी शिंपडून काही दिवस उघड्यावर ठेवावा आणि मधूनमधून उलटावा. सगळीकडे तांबूस-तपकिरी गंज दिसला की तो तयार झाला.

हा कीस सहा इंची, सुमारे एक मीटर लांबीच्या प्लास्टिक पाइपात सैलसर भरावा, खाली आधाराला भोकांची चकती ठेवावी, दोन्ही तोंडांना आटे पाडलेली, फिरवून बसणारी झाकणे लावावीत आणि गॅस खालून आत घेऊन वरून बाहेर काढावा. तरंगत्या टाकीच्या संयंत्रात, म्हणजे जिथे गॅस साठवणारी टाकी काल्यावर तरंगते तिथे, गॅसचा दाब फार कमी, पाण्याच्या सुमारे दहा सेंटिमीटर उंचीएवढाच असतो, त्यामुळे तिथे कीस अधिकच मोकळा भरावा. गंजाला काम करण्यासाठी थोडा ओलावा लागतो. म्हणूनच पूर्ण सुकवण्यासाठी सिलिका जेल वापरायचे असेल तर ते या पाइपानंतर बसवावे, आधी बसवू नये.

पाइप किती दिवस चालेल याचा अंदाज हिशोबाने बांधता येतो. रोजच्या २ घनमीटर गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाईडचे प्रमाण दहा लाख भागांत २००० भाग असेल, तर दिवसाला सुमारे साडेपाच ग्रॅम आणि महिन्याला सुमारे १६५ ग्रॅम हायड्रोजन सल्फाईड पकडावा लागतो. शुद्ध गंज कागदावर किलोमागे सुमारे ६४० ग्रॅम पकडतो, पण किसावर गंज केवळ पृष्ठभागावर असल्याने प्रत्यक्षात त्याचा लहानसा हिस्साच हाती लागतो. त्यामुळे हिशोबापेक्षा परीक्षेवर भर द्यावा. लेड ॲसिटेटचा ओला कागद पाइपातून बाहेर येणाऱ्या गॅससमोर धरावा, आणि तो काळवंडू लागला की कीस बदलावा. शेजारी दुसरा भरलेला पाइप ठेवला तर काम थांबत नाही.

काळा पडलेला कीस हवेत पसरला की पुन्हा तांबूस होतो आणि परत वापरता येतो, मात्र या क्रियेत उष्णता निघते आणि सुका ढीग पेट घेऊ शकतो. म्हणून तो पाइपातच पाण्याने भिजवून मग बाहेर काढावा, सावलीत पातळ थरात पसरावा, ओला ठेवावा, आणि वाळल्या गवताच्या गंजीपासून दूर ठेवावा. काही फेऱ्यांनंतर कणांवर गंधकाचा थर साचतो, तेव्हा तो टाकून नवा घ्यावा. ओढ्यात मात्र टाकू नये.

गंजाचा पाइप बसवला म्हणून संयंत्रात उतरणे सुरक्षित होत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे. हायड्रोजन सल्फाईड हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात साठून राहतो आणि त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, त्यामुळे वास येत नाही म्हणून आत उतरणारा माणूस क्षणात कोसळतो आणि त्याला वाचवायला उतरणाराही जातो. गाळ काढण्याचे काम साधने आणि अनुभव असणाऱ्यांकडूनच करून घ्यावे.

डिझेल इंजिन गोबर गॅसवर चालवायचे झाल्यास थोडे डिझेल द्यावेच लागते, कारण हा गॅस केवळ दाबाने पेटत नाही. सुमारे ७० ते ८० टक्के डिझेल वाचते आणि कार्बन डायऑक्साईड न काढताही काम चालते.

मोठ्या गोठ्यांनी किंवा कारखान्यांनी वाहनाचे इंधन करायचे ठरवले तर कार्बन डायऑक्साईड काढण्यासाठी पाण्याचा मनोरा वापरतात. आठ-दहा बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) दाबाचा गॅस खालून वर आणि पाणी वरून खाली सोडले की मिथेनपेक्षा कितीतरी अधिक विरघळणारा कार्बन डायऑक्साईड पाण्याबरोबर निघून जातो. पाणी थंड असेल तितके जास्त विरघळते, म्हणून आपल्याकडचा जो गारठा खड्ड्यात नडतो तोच इथे उपयोगी पडतो. पाण्यात विरघळलेला थोडा मिथेन मधल्या टाकीत दाब उतरवून परत घ्यावा, कारण तो हवेत सोडला तर शंभर वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे २८ पट तापमान वाढवतो. भारतीय मानकानुसार अशा गॅसमध्ये किमान ९० टक्के मिथेन असावा लागतो आणि कार्बन डायऑक्साईड ४ टक्क्यांहून अधिक चालत नाही. हा गॅस सुमारे २०० बार दाबाने, त्यासाठीच बनवलेल्या आणि तपासलेल्या टाक्यांतच, परवाना घेऊन भरतात. स्वयंपाकाच्या गॅसच्या रिकाम्या सिलिंडरमध्ये तो कधीही भरू नये, कारण ते सिलिंडर एवढ्या दाबासाठी बनवलेले नसतात, आणि साध्या तापमानाला कितीही दाबले तरी मिथेनचा द्रव होत नाही.